बीडिंग निघाली, पण दारावरची तांबडी रेघ जात नाही

गाडीच्या दारावरची साइड बीडिंग, म्हणजे दाराला आडवी बसवलेली पट्टी, काढली. गाडी धुतली, पुसली, दार लख्ख दिसलं. आठ दिवसांनी बघावं तर जिथं बीडिंग होती तिथंच, फूटपट्टी धरून मारावी तशी एक आडवी रेघ. पुण्या-मुंबईत ती काळपट असते. आमच्याकडे चिपळुणात तांबडी, कारण इथली धूळ जांभ्याची. पांढऱ्या गाडीवर तर रस्त्यापलीकडून दिसते. मग परत शॅम्पू, परत घासणं, दोन दिवस बरं वाटतं आणि पुढच्या रविवारी रेघ हजर.

आमच्या 2014 च्या पांढऱ्या वॅगन आरवर हे जवळजवळ वर्षभर चाललं. त्या वर्षात पेट्रोल, खोबरेल, निलगिरीचं तेल, भांड्यांचा साबण, जे जे कुणी सांगितलं ते सगळं लावून पाहिलं. त्यातलं काही उपयोगी पडलं, काही नाही, आणि एका दाराचा रंगही गेला. ज्यांच्या गाडीवर अशी रेघ ठाण मांडून बसली आहे, किंवा ज्यांना अजून बीडिंग, डोअर वायझर (खिडकीवर पाऊस अडवणारी पट्टी), क्रोमची पट्टी नाहीतर मागचा मोनोग्राम (गाडीच्या नावाची अक्षरं) काढायचा आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

रेघ परत का येते

ती रेघ मळाची नाही. मळ असता तर शॅम्पूनं गेला असता. तिथं गोंदाचा अगदी पातळ थर राहिलेला असतो. गाडी ओली असताना तो दिसतच नाही. वाळला की धूळ धरायला लागतो, जुन्या चिकटपट्टीच्या कडेला घाण बसते तसा. आपण दर आठवड्याला धूळ धुतो आणि गोंद होता तिथंच राहतो.

पेट्रोलच्या फडक्यानं हे आणखी बिघडतं. पेट्रोल गोंद विरघळवतं खरं, पण विरघळलेला गोंद फडक्यावर यायच्या आत स्वतः उडून जातं. गोंद मग पसरून, आणखी पातळ होऊन तिथंच बसतो. माझी रेघ सुरुवातीला बीडिंगच्या टेपइतकी, म्हणजे 12 मिलिमीटर होती. तीनदा पेट्रोलनं पुसल्यावर चार बोटं रुंद झाली.

गोंद कुठवर पसरलाय हे बघायला भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी पुरते. दार धुऊन पूर्ण कोरडं करा, पिशवी बोटांवर चढवा आणि रंगावरून हलक्या हातानं फिरवा. रंग मोकळा असेल तिथं बोटं सरसर जातात. गोंद असेल तिथं अडखळतात. नुसत्या हाताला हे कळत नाही, पिशवीतून लगेच कळतं. माझ्या दारावर रेघेच्या वर आणि खाली, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथंही बोटं अडखळत होती.

गोंद कुठला आहे ते आधी ओळखा

सगळ्या गोंदांना एकच औषध नसतं. इथंच बहुतेकांचा वेळ आणि रंग दोन्ही वाया जातात.

करड्या किंवा काळ्या रंगाचा, रबरासारखा ताणला जाणारा फोम असेल तर तो ॲक्रिलिक फोमची टेप आहे. कंपनीतून येणाऱ्या चिकटवलेल्या पट्ट्यांना आणि चांगल्या ॲक्सेसरीजना हीच असते. बाजारात मिळते तेव्हा बहुधा तिच्यावर लाल रंगाची सोलायची पट्टी असते. काढायला चिवट, पण सरळ स्वभावाची: योग्य रीतीनं गेलात तर मागं काही ठेवत नाही.

पांढरा, नखानं चुरा होणारा फोम असेल तर ती स्टेशनरीच्या दुकानातली डबल टेप. ती पाणी पिते, एका पावसाळ्यात कुजल्यासारखी होते आणि काढताना तिचे तुकडे पडतात. गोंदाचा थर रंगावर राहतो आणि फोम बीडिंगबरोबर जातो. आमच्या गाडीला हीच होती. ॲक्सेसरीच्या दुकानात बीडिंग बसवून घेतली तेव्हा ती पाकिटातल्या टेपवर चिकटवली होती. वर्षभरात टोक सुटलं, तेव्हा त्याच दुकानात जुना फोम न काढता त्यावरच ही पांढरी टेप मारून दिली. तिथून पुढं सगळं सुरू झालं.

पिवळट-तपकिरी, तारा निघणारा गोंद म्हणजे रबराचा, चपला-फोमला वापरतात त्या जातीचा. तो टर्पेंटाइनला ऐकतो. काचेसारखा कडक, कडेला पांढरी धुरकट झाक असलेला थेंब दिसला तर कुणीतरी फेविक्विक लावलंय. आणि दुधाळ किंवा पारदर्शक, दाबल्यावर लुसलुशीत लागणारा थर असेल तर ते सिलिकॉन. सिलिकॉन कुठल्याही घरगुती द्रावणात विरघळत नाही. ते प्लास्टिकच्या पट्टीनं आणि बोटानंच खरवडून काढावं लागतं. त्याचा अंश राहिला आणि पुढं दार रंगवायची वेळ आली तर नव्या रंगाला खड्डे पडतात, पेंटर त्याला ‘डोळे पडले’ म्हणतात. फेविक्विकच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे: रंगावर असेल तर घरी हात लावू नका. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोननं ते मऊ होतं, पण तेच ॲसिटोन दाराच्या प्लास्टिकच्या हँडलला आणि दुरुस्तीत मारलेल्या रंगाला खातं. चांगल्या पेंटरकडे दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासून पॉलिश करून घेणं स्वस्त पडतं.

अजून पट्टी काढायची असेल तर

ओढण्याआधी ती नुसती चिकटवलेली आहे की क्लिपांवर बसवलेली, हे बघा. एक टोक नखानं किंचित उचलून मोबाइलच्या टॉर्चनं आत पाहिलं की कळतं. फोम दिसला तर टेप. पोकळी दिसली आणि मध्येच प्लास्टिकचा खुंट दिसला तर क्लिप. चाकावरच्या आणि दाराखालच्या काळ्या क्लॅडिंगला (प्लास्टिकच्या आवरणाला) बऱ्याच गाड्यांत दोन्ही असतं: खाली क्लिपा आणि वरच्या काठाला टेप. अशी क्लॅडिंग नुसत्या उष्णतेनं निघत नाही आणि जोर केला तर क्लिपचं डोकं पत्र्यात राहतं. क्लिपा दहा-वीस रुपयांच्या असतात, पण त्या आधी आणून ठेवा. काढताना दोन-चार मोडणारच.

आता टेपवाल्या पट्टीचं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं काम तिच्यावर आहे. ॲक्रिलिक फोम हिसक्याला घट्ट धरतो आणि संथ ओढीला सोडतो. भिजवलेल्या कणकेचा गोळा झटकन ओढला तर तुटतो आणि हळूहळू ओढला तर लांबत जातो, तसंच हे. गाडी चालताना बसणारे धक्के झटक्याचे असतात, म्हणून पट्टी वर्षानुवर्षं टिकते. आपणही झटक्यानं ओढली तर तो सगळा जोर रंगावर जातो.

हे मला कळलं ते नुकसान झाल्यावर. जानेवारीतली सकाळ होती, दार गार होतं. धाकट्या भावानं डाव्या मागच्या दाराच्या बीडिंगचं सुटलेलं टोक धरलं आणि ‘दादा, थांब, निघतेय’ म्हणत सरळ स्वतःकडे ओढलं. बीडिंग निघाली आणि तिच्या पाठीवर तळहाताएवढा पांढरा पापुद्रा निघाला. खाली करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. ते दार आधी एकदा कुठंतरी घासलं गेलं होतं आणि बाहेर रंगवून घेतलं होतं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. कंपनीत रंग भट्टीत 130-140 अंशाला भाजलेला असतो. दुरुस्तीचा रंग जेमतेम 60 अंशाला, आणि कित्येकदा नुसत्या उन्हात वाळवतात. खालची लांबी (खड्डे भरायची पुट्टी) नीट घासलेली नसेल तर तो तितकासा धरत नाही. म्हणून काढण्याआधी प्रत्येक दार शेजारच्या दाराशी ताडून पाहा. रंगाची छटा वेगळी, पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा जास्त, काचेच्या रबरावर रंगाचा बारीक फवारा, दाराच्या आतल्या काठाला टेप लावून रंगवल्याची धार, यातलं काहीही दिसलं तर ते दार रंगवलेलं आहे. अशा दाराला उष्णता कमी आणि वेळ दुप्पट.

उष्णतेसाठी साधा हेअर ड्रायर पुरेसा आहे. पट्टीच्या एका टोकापासून वीतभर लांबी घ्या, दोन-तीन मिनिटं वारा सतत पुढं-मागं फिरवत ठेवा. पत्रा इतका तापला पाहिजे की तळहात दोन-तीन सेकंदच ठेववतो, म्हणजे साधारण 60 अंश. हीट गन वापरणारे वापरतात, पण ती 500 अंशांच्या वर जाते. एका जागी पाच सेकंद राहिली की रंगाला फोड येतो आणि प्लास्टिक वाकतं. ज्यांच्या हाताला तिची सवय नाही त्यांनी हात लावू नये. मे महिन्यात गाडी दुपारी दोन तास उन्हात उभी केली तर ड्रायरचीही गरज लागत नाही. काचेजवळच्या पट्टीला मात्र जपून. सकाळच्या गार काचेवर उकळतं पाणी ओतलं किंवा हीट गन मारली तर काच तडकू शकते.

पत्रा तापला की ओढायचं नाही, कापायचं. त्याला माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे तंगूस, मासे धरायचा नायलॉनचा दोरा. गुहागर-दाभोळकडे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा घ्या, याहून बारीक असला तर फोममध्ये तुटतो. हातभर तुकडा कापून दोन्ही टोकं लाकडाच्या लहान तुकड्यांना गुंडाळा, नाहीतर बोटं कापतात. पट्टीच्या मागं घालून करवतीसारखा मागं-पुढं ओढत पुढं सरका. तंगूस पट्टीच्या पाठीला टेकलेला ठेवा, रंगाला नाही. फोम मधोमध चिरला जातो, अर्धा पट्टीवर, अर्धा दारावर. दारावर राहिलेला अर्धा पाहून घाबरू नका, तो तसाच राहायला हवा. मोनोग्रामसाठी हीच रीत, फक्त अक्षरं काढण्याआधी वर कागदी मास्किंग टेप लावून जागेची खूण करून ठेवा. परत बसवायची असतील तर डोळ्याच्या अंदाजानं ती सरळ बसत नाहीत.

स्क्रू ड्रायव्हर कितीही कापडात गुंडाळला तरी पट्टीखाली घालू नका. गाडीचा सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत धरून, साधारण 100 ते 130 मायक्रॉन असतो. म्हणजे डोक्याच्या दोनेक केसांची जाडी. त्यातला पारदर्शक थर जेमतेम 40. स्क्रू ड्रायव्हरच्या कोपऱ्याला तेवढं पार करायला वेळ लागत नाही.

फोम: विरघळवू नका, वळा

दारावर राहिलेल्या फोमवर पहिल्यांदाच टर्पेंटाइन ओतणं ही माझी दुसरी चूक. फोम ते पितो, फुगतो, त्याचा लगदा होतो आणि तो दारभर पसरतो.

त्याऐवजी कोरड्या फोमला परत थोडी ऊब द्या. मग अंगठ्याचं पोट फोमच्या कडेवर टेकवून जोरानं, पण सावकाश, पुढं ढकला. अंघोळीला अंग चोळताना मळाच्या वळ्या निघतात तशा फोमच्या वळ्या व्हायला लागतात. एक वळी तयार झाली की तिलाच पुढं लोटत न्या, ती वाटेतला गोंदही उचलते. गोंदाला दुसऱ्या कशाहीपेक्षा गोंदच घट्ट धरतो, म्हणून आधी निघालेली वळी गोळी करून हातात ठेवायची आणि उरलेल्या ठिपक्यांवर टेकवून उचलायची. ॲक्रिलिक फोमचं नव्वद टक्के काम एवढ्यानंच होतं, एक थेंबही न वापरता. अंगठा मात्र दुखतो. एका दाराला अर्धा-पाऊण तास धरा आणि एका दिवशी दोनपेक्षा जास्त दारं घेऊ नका.

पत्रा पार गार झाला की वळ्या तुटतात, फार तापला की गोंद ओघळल्यासारखा होऊन बोटाला लागतो. मधली, कोमट स्थिती पकडायची. एकदा ती जमली की कळतं, बोटाखालचा गोंद अचानक स्वतःहून सुटायला लागतो.

सपाट, मोठी लांबी असेल आणि फोम जुना-कडक असेल तर ड्रिलला लावायचं रबरी चाक मिळतं, पेन्सिलच्या खोडरबराच्या जातीचं. ते खरंच छान काम करतं: गोंदाचा भुगा होऊन खाली पडतो. पण चाकावर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा वाचा. बहुतेक चाकं मिनिटाला 4,000 फेऱ्यांच्या आतली असतात. घरचं ड्रिल त्यात बसतं. हँड ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरतो, त्याला हे चाक लावलं तर ते फुटून तोंडावर येऊ शकतं. चष्मा लावा, चाक हलकं टेकवा, सतत सरकवत ठेवा. थांबलं की खालचा रंग भाजतो. प्लास्टिकचा बंपर आणि दुरुस्तीत रंगवलेलं दार, दोन्हींवर मी ते वापरत नाही.

शेवटचा पातळ थर

मुख्य रोग इथं आहे, आठ दिवसांनी उमटणारी रेघ इथूनच येते. द्रावणाची वेळ आता येते, आधी नाही.

हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या, रंगात घालतात ते. पेट्रोलपेक्षा ते सावकाश उडतं, हाच त्याचा गुण. थिनर नको. पेंटर ज्याला एनसी थिनर म्हणतात ते दुरुस्तीच्या रंगाला मऊ करतं आणि प्लास्टिकला खातं. आधी न दिसणाऱ्या जागी, पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, थेंबभर लावून पाच मिनिटांनी बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर थांबा.

जुन्या सुती बनियनची पट्टी कापून टर्पेंटाइनमध्ये भिजवा, पिळा आणि रेघेवर चिकटवून ठेवा. पाच-सात मिनिटं. सावलीत, पत्रा गार असताना. हे घासण्याचं काम नाही, भिजत ठेवण्याचं आहे. मग ती पट्टी काढा आणि ताबडतोब, गोंद ओला असतानाच, कोरड्या स्वच्छ कापडानं एकाच दिशेनं पुसा. एक पुसणं, कापडाची घडी बदला, दुसरं पुसणं. त्याच कापडाच्या त्याच बाजूनं दोनदा पुसलंत की उचललेला गोंद परत दारावर. माझ्या वर्षभराच्या खटपटीचं मूळ इथं होतं: एकच फडकं, गोल गोल.

यानंतर टर्पेंटाइनचा तेलकटपणा राहतो. तोही धूळ धरतो, म्हणून पुष्कळांना वाटतं की गोंद गेलाच नाही. शॅम्पूच्या पाण्यानं धुवा, वाळवा, आणि मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून त्यानं पुसून घ्या. हातावरचं सॅनिटायझर चालणार नाही. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागं राहतं. परत पिशवी बोटांवर चढवा आणि फिरवा. अडखळलं तर त्या तेवढ्या जागेला पुन्हा ओली पट्टी. मला तीनदा करावं लागलं, कारण आधी मीच गोंद चार बोटं पसरवला होता.

निलगिरीचं तेल कागदी स्टिकरच्या गोंदाला उत्तम, वासही चांगला, पण दारभर लावायला महाग पडतं. खोबरेल नव्या स्टिकरला चालतं, जुन्या फोमला नाही.

अल्कोहोल पारदर्शक ॲक्रिलिकच्या वायझरला लावू नका, त्यात बारीक भेगा पडतात. वायझर परत लावायचा असेल तर त्याच्यावरचा फोम बोटानंच वळून काढा आणि साबणाच्या पाण्यानं धुवा. आणि ज्या दिवशी टर्पेंटाइन किंवा पेट्रोलची बाटली उघडी आहे त्या दिवशी ड्रायर, हीट गन, ड्रिल काहीही चालू करू नका. आधी उष्णतेचं सगळं काम संपवा, वायर काढून आत ठेवा, मग बाटली बाहेर आणा. बंद गॅरेजमध्ये तर नकोच, अंगणात करा, हातमोजे घाला.

गोंद गेला, तरी छाया दिसते

पिशवी सरसर जाते, धूळ धरत नाही, तरीही तिरप्या उन्हात पट्टीच्या जागी वेगळा पट्टा दिसतो. हा गोंद नाही, इथं घासत बसू नका. बीडिंगखालच्या रंगाला इतकी वर्षं ऊन लागलेलं नाही आणि फडक्याचे बारीक ओरखडेही नाहीत. तो मूळ रंग आहे, बाकीचं दार जुनं झालंय. लाल आणि गडद रंगांवर हे फार दिसतं, पांढऱ्यावर कमी. उपाय आजूबाजूच्या रंगाला: हलकं कंपाउंड आणि पॉलिश पूर्ण दाराला मारलं की फरक बराच मिटतो. पॉलिश करताना कापडावर गाडीचा रंग उतरायला लागला तर वरचा पारदर्शक थर तिथं नाही किंवा संपलाय. तिथंच थांबा. ऊन लागून जो फरक हळूहळू आपोआप कमी होतो त्यासाठी रंग पातळ करू नये, असं मला वाटतं.

पट्टी पुन्हा बसवायची, पण टिकत नाही

हीही नेहमीची तक्रार: दर पावसाळ्यात एक टोक सुटतं. बहुतेक वेळा दोष टेपच्या जातीत किंवा तयारीत असतो. जुन्या फोमवर नवी टेप कधीही लावू नका. दोन्ही बाजू पूर्ण मोकळ्या करा, निम्म्या पाण्याच्या अल्कोहोलनं पुसा आणि मग पत्र्याला बोट लावू नका. डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉनच्या स्प्रेचा हात लागला तरी टेप तिथं धरत नाही. पट्टी साध्या काळ्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची असेल तर तिच्या पाठीला टेपचं प्रायमर (टेप धरावी म्हणून लावायचं द्रव, रंगाखालचं नव्हे) लावावं लागतं. नाहीतर टेप दाराला धरते आणि पट्टीला सोडते. सुटलेल्या पट्टीचा फोम कुठल्या बाजूला राहिलाय हे पाहिलं की दोष कुठं आहे ते लगेच समजतं.

पत्रा कोमट हवा, 20 ते 38 अंशांच्या मध्ये. लावल्यावर वरून अंगठ्यानं इंच-इंच दाबत जा. ॲक्रिलिक टेपची पकड दाबानं येते आणि वेळेनं वाढते: पूर्ण जोर यायला साधारण 72 तास लागतात. पहिला दिवस पाणी नको. आमच्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा हे काम मेमध्ये नाहीतर दिवाळीनंतर. नव्यानं रंगवलेल्या दाराला किमान महिनाभर काही चिकटवू नका. आणि दाराला बाक असून पट्टी सरळ असेल तर ती टोकाला कायम सुटायला बघते. आधी पट्टीच उबेनं दाराच्या बाकाप्रमाणे वळवून घ्या.

माझा सल्ला विचाराल तर परत लावूच नका. बीडिंगच्या वरच्या काठावर तांबडी माती आणि पाणी साठतं, आणि जिथं रंगाला ओरखडा असेल तिथं तेच पाणी गंज धरतं. आमच्या उजव्या पुढच्या दारावर बीडिंगखाली दोन गंजाचे ठिपके निघाले, बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

क्लिपवाली पट्टी काढून टाकली तर मागं भोकं राहतात. ती उघडी सोडलीत तर चाकानं उडवलेलं पाणी दारात, पत्र्याच्या आत जातं. कडेचा उघडा पत्रा दिसत असेल तर आधी टच-अपचा रंग काडीनं लावून वाळू द्या, मग मापाचं रबरी ग्रोमेट (भोक बुजवायचं बूच) बसवा. हार्डवेअरमध्ये मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन त्या भोकात भरू नका. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि उघड्या पत्र्याला त्यानं गंज चढतो. गाडीच्या सांध्यांना वापरतात ते सीलंट मागा.

पापुद्रा निघालेलं डावं मागचं दार सोडलं तर बाकीची तिन्ही दारं आता स्वच्छ आहेत. जून-जुलैचा पाऊस झाला, मधे उघडीप मिळाली, रस्त्याची धूळ बसली आणि गाडी धुतली तेव्हा ती नुसत्या पाण्यानं गेली. डाव्या दाराला पेंटरकाकांनी पावसानंतर या म्हणून सांगितलंय. तोवर उघड्या प्रायमरवर टच-अपचा पातळ हात मारून ठेवलाय, म्हणजे ओल आत जाणार नाही.